टिकल्यांचा तक्ता

रोह्याजवळच्या वरसेला आमच्या बिल्डिंगीच्या जिन्यात एकदा शेंगदाणा तेलावरून दोघी बायकांची अशी जुंपली की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी टीव्ही बंद करून दार उघडलं. एक म्हणत होती, रोह्याच्या बाजारात डबा स्वस्त मिळतो. दुसरी म्हणत होती, तुला मापात मारलं असणार. खरं तर दोघींचंही बरोबर होतं, कारण एकीचा डबा पंधरा लिटरचा होता आणि दुसरीचा पंधरा किलोचा. मी मध्ये पडले, डब्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून भावांच्या बाबतीत बिल्डिंगीची पंच मी झाले.

पंच केलंच आहे तर नीट पंचगिरी करावी म्हणून मी मोबाइलवर बायकांचा गट काढला. नियम साधा होता. कुठेही काही घेतलं की बिलाचा फोटो टाकायचा. बिल नसेल तर दुकान, वजन आणि भाव बोलून पाठवायचा. आधी बिल्डिंगीतल्या होत्या, मग त्यांच्या बहिणी आल्या, मग नणंदा, मग नागोठण्याची कोणाची तरी विहीण. पेणच्याही बऱ्याच जमल्या. सकाळी डबे भरून झाले की फोन टुणटुणायला लागायचा, आणि नवरा म्हणायचा, "घे, तुझा शेअर बाजार उघडला."

नवऱ्याची कंपनीतली नोकरी संपली आहे, पण शिफ्ट संपलेली नाही. ती आता माझ्या डोक्यावर चालते.

एवढे भाव जमले तर खरे, पण त्यांचं करायचं काय? मुलगी पुण्याला असते. तिने मोबाइलवर एक आलेख काढून दिला. त्यात रंगीत रेघा चढत होत्या, उतरत होत्या, एकमेकींना ओलांडून जात होत्या. मी तो गटावर टाकला तर नागोठण्याच्या विहिणीचा आवाज आला, "ही लाल रेघ कुठं चाललीय गो? आन् डाळ कुठं हाय यात?" बाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. डाळ घ्यायला निघालेल्या बाईला रेघ नको असते. कुठे स्वस्त आणि कुठे महाग, एवढं तिला एका नजरेत दिसायला हवं.

मग मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. प्रत्येक जिनसाची एक आडवी ओळ आखली. डाव्या टोकाला स्वस्त, उजव्या टोकाला महाग. आणि ठिपक्यांच्या जागी टिकल्या लावल्या. रोह्याच्या दुकानांच्या हिरव्या, वरसेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काळ्या, नागोठण्याच्या पिवळ्या, मोठ्या मॉलच्या निळ्या आणि पेणच्या मरून. एका बाईने एक भाव कळवला की एक टिकली. रविवारी त्याचा फोटो काढून गटावर टाकायचा आणि सोमवारी पान बदलायचं. टिकल्यांचं पाकीट किती स्वस्त असतं! एवढ्याशा खर्चात तालुक्याचा बाजार माझ्या भिंतीवर आला.

आणि काय काय दिसायला लागलं त्यात! साखरेच्या टिकल्या सगळ्या एका जागी दाटीवाटीने बसायच्या, म्हणजे साखर कुठेही घ्या. डाळ ओळभर पसरलेली असायची, म्हणजे डाळीसाठी पायपीट करायला हरकत नाही. मॉलची निळी टिकली तेलात डावीकडे दिसायची आणि शेंगदाण्यात गुपचूप उजवीकडे जाऊन बसायची. बायकाही कळायला लागल्या. एक कायम कमी भाव कळवायची, कारण तिला हुशार ठरायचं होतं. दुसरी कायम जास्त कळवायची, कारण तिची सासू त्याच गटात होती. एकजण पाकिटाचा भाव सांगायची, पण ते पाकीट किलोचं नसून आठशे ग्रॅमचं निघायचं. मी फटकारायचे. "बिल दाखव, नाहीतर टिकली नाही," हे माझं वाक्य बायकांनी माझ्याच आवाजात म्हणून दाखवायला सुरुवात केली होती.

एक दुकान मात्र माझ्या तक्त्यावर माझ्याकडून कधी लागलं नाही. ते माझं पेणचं दुकान.

माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. मला भाऊ नाही. वडील गेले, मग आई गेली, घर चुलत्यांकडे राहिलं, आणि चुलत्यांच्या सुनांना मी कोण हे फोटो दाखवून सांगावं लागायला लागलं. उरलं ते पेणच्या बाजारातलं ते किराणा दुकान. दुकानदार माझ्या वडिलांच्या मित्राचा मुलगा. लहानपणी जोह्याहून एसटीने बाजाराला आलो की वडील मला त्या दुकानाच्या फळीवर बसवून बाकीची कामं करून यायचे. मी भाऊबीजेला त्याला ओवाळते. माझ्या मुलीच्या लग्नात तिला बोहल्यावर घेऊन येणारा मामा तोच होता. नवी टोपी घालून तिच्यामागे उभा होता आणि मंगलाष्टकं चालू असताना माझ्याआधी त्याचे डोळे भरले.

म्हणून महिन्यातून एकदा मी रोह्याहून पेणला किराणा आणायला जायचे. आता बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, पण पूर्ण होतं तेव्हाही जायचे. नवरा चेष्टा करायचा, की रोह्यात दुकानं नाहीत असं जगाला वाटेल. मी म्हणायचे, तिथे घरचा भाव आहे. तो भाव किती, हे मला ठाऊक नव्हतं. माहेरवाशिणीने माहेरच्या दुकानात भाव विचारायचा नसतो. आमच्याकडे हे कोणी शिकवत नाही, पण सगळ्याजणी पाळतात. मी काय काय हवं ते सांगायचे, तो बांधायचा, एक आकडा म्हणायचा, मी द्यायचे. निघताना तो मूठभर वाल किंवा पापडाचं पाकीट वरून टाकायचा. "भाचीला," म्हणायचा. आता माझी मुलगी पस्तिशीला आली तरी तो ते पाकीट भाचीलाच द्यायचा. त्या पिशवीचं वजन मला हाताला कधी लागलं नाही. गाडीत बसले की वाटायचं, आपलंही कोणी आहे.

गटावर मी या दुकानाचा इतका डंका वाजवला की बायका वैतागल्या. "घरचा भाव, घरचा भाव काय ताई, एकदा टिकली तरी लाव की," एकीने टाकलं. खाली हसण्याची चित्रं आली. माझ्या शेजारणीने तर सरळ लिहिलं, "पंचांना नियम नाय काय?"

ही शेजारीण समोरच्याच दारात राहते. तिचा नवरा कुवेतला असतो, आणि घर, बँक, सासऱ्यांची औषधं, सगळं ती एकटी ओढते. तिची बहीण पेणला दिली आहे. बहिणीकडे जातच असतेस तर माझ्या माणसाकडून सामान आण, माझं नाव सांग, असं मीच तिला सांगितलं होतं. ती तिथून घ्यायला लागली होती आणि तिच्या मरून टिकल्या तक्त्यावर छान डावीकडे बसायच्या. मी त्या बोट ठेवून दाखवायचे. नाव सांगितल्यावर हिला एवढं स्वस्त, तर मला किती असेल, असा माझा हिशोब.

मग दुकानात बिलाचं मशीन आलं. मी गेले तेव्हा त्याने कौतुकाने दाखवलं, "बघ गो, आता सगळं छापून येतं." लांबलचक कागद सरसरत बाहेर आला. पहिल्यांदाच माझ्या किराण्याचे वेगवेगळे भाव माझ्या हातात होते. मी तो कागद न वाचताच पर्समध्ये घडी करून ठेवला. घरी जाऊन ऐटीत टिकल्या लावायच्या होत्या ना!

घरी आले, चहाही घेतला नाही. मरून पाकीट घेतलं आणि तूरडाळीच्या ओळीत टिकली लावायला डावीकडे हात नेला. मग बिल पाहिलं. हात मधे आणला. पुन्हा पाहिलं. टिकली उजव्या टोकाला गेली, सगळ्या हिरव्या, पिवळ्या, निळ्या टिकल्यांच्या पलीकडे. वालाचीही तिथेच गेली. पोह्यांची तर ओळ संपली होती, मला कागद पुढे जोडावा लागला.

नवरा मागे येऊन उभा राहिला. चेष्टा करायची सोडून त्याने चहाचं आधण ठेवलं, याचा मला जास्त राग आला.

माणूस आपल्या माणसासाठी किती कारणं शोधतो ते मला त्या संध्याकाळी कळलं. मशीन नवं आहे, बोट चुकलं असेल. माझी डाळ वरच्या प्रतीची असेल. माझे वाल जुने असतील, शेजारणीचे नवे. आपल्याकडे जुन्या कडव्या वालाला जास्त पैसे पडतात हे कोणाला ठाऊक नाही? मी शेजारणीकडे जाऊन तिचे वाल मागून आणले आणि माझ्या वालांशेजारी ताटात पसरले. दोन्ही ढीग सारखेच होते. तेच किडके, तेच चपटे, तोच रंग. तरी मी स्वतःला म्हटलं, कोरड्या वालावरून काय कळतं, शिजल्यावर बघू. दोन वाट्यांत दोन्ही वाल शिजवले. नवऱ्याने दोन्ही खाल्ले आणि दोन्ही छान झालेत म्हणाला.

रविवारी मी तक्त्याचा फोटो टाकला नाही. ताप आहे म्हणून कळवलं.

शेवटी शेजारणीला म्हटलं, चल माझ्याबरोबर. पेणला एकाच दिवशी, एकाच वेळी दोघींनी तेच घ्यायचं, एक किलो वाल आणि एक किलो डाळ. आधी तू जा, मग मी जाते. "ताई, कशाला?" ती म्हणाली. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. एसटीत ती सारखी तिकिटाची घडी घालत होती, उलगडत होती.

पेणला उतरल्यावर ती पुढे गेली. ती बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने मी गेले. तो उठून उभा राहिला. "कवा आलीस गो? आज इतकंच? पावणा बरा हाय ना?" सगळं नेहमीसारखं होतं. त्याने त्याच पोत्यात मापाचा डबा घातला. माझं लक्ष पोत्यावर होतं. बिल सरसरत आलं आणि वरून पापडाचं पाकीट आलं. मी हसले. माझं मलाच ते हसू अजून आठवतं आणि लाज वाटते.

स्टँडवरच्या बाकावर आम्ही दोन बिलं मांडीवर शेजारी शेजारी धरली. हातच्या कंकणाला आरसा कशाला! तेच पोतं, तीच डाळ, तीच दुपार. माझा आकडा दोन्ही ओळींत वरचा होता, आणि फरक असा नव्हता की चुकून व्हावा.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तिने ओढणी सारखी केली. "म्हाईत होतं असं नाय. अंदाज होता. पहिल्या वेळेला मी तुमचं नाव सांगितलं, तर तो बोलला, ताईंची माणसं असाल तर तुम्हाला खास रेट लावतो. मग तुमचंच नाव सांगून मी बहिणीला पाठवली, तिच्या जावेला पाठवली. सगळ्यांना तोच रेट. आधी मला वाटलं, तुम्हाला याहून कमी असेल. मग तुम्ही माझे वाल मागून नेलेत, तेव्हा शंका आली."

"आणि बिल्डिंगीतल्या?"

"त्यापण तुमचंच नाव सांगतात," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तरी त्या क्षणी मला तिचाही राग आला. माझ्या नावावर सगळी बिल्डिंग स्वस्त वाल खात होती, आणि त्या स्वस्ताईची भरपाई मी एकटी, एसटीचं भाडं भरून, हसत हसत करत होते. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं ते हेच. मी तर दळत होतेच, वर गटावर त्या जात्याची जाहिरातही करत होते.

शेजारणीला मी तिच्या बहिणीकडे पाठवलं आणि दुकानात परत गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी दोन्ही बिलं काट्याशेजारी ठेवली, पलीकडे माझी पिशवी ठेवली आणि उभी राहिले. बसले नाही.

त्याने बिलं पाहिली. चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. "मशीनचा घोळ असंल," म्हणाला. मी दोन्ही बिलांवरच्या तारखेवर बोट ठेवलं. तेव्हा त्याने चष्मा काढला आणि तो हसला. ओशाळून नाही हं. लहान पोर हट्टाला पेटलं की मोठी माणसं हसतात तसं.

"बस गो. पाणी पी. आगं, ती बाहेरची. बाहेरच्याला दुकानात ओढायचा म्हंजे दोन पैसे सोडायला लागतात. नायतर ती जाईल मॉलला. तू काय, घरची हायस. तू कुठं जाणार हायस?"

हे त्याने मायेने म्हटलं. त्याच्या लेखी ती मायाच होती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. चोरी पकडली गेली म्हणून तो गडबडला असता, खोटं बोलला असता, हात जोडले असते, तर मी चार दिवस भांडून पाचव्या दिवशी परत आले असते. पण त्याला हे चुकीचं वाटतच नव्हतं. आई गेल्यावर मला जायला दुसरं ठिकाण नाही, हे त्याने माझ्याही आधी ओळखलं होतं आणि त्याचा दर लावला होता. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा कापतात, की कापणाऱ्याला वाटतं आपण केस विंचरतोय.

"पोरीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहिलास, तेव्हाचं रडणं?" मी विचारलं.

"त्याचा हितं काय संबंध?" तो खरोखर गोंधळला. "ते येगळं, हे येगळं. धंदा हाय गो. बरं, जाऊ दे. आजपासून तुलाबी तोच रेट. लावू? खुश?" आणि त्याचं बोट मशीनकडे गेलंही.

इतकं सोपं होतं ते. एक बोट. इतक्या वर्षांत कधीही करता आलं असतं. मला त्याचा तो दर नको होता. मला हवं होतं त्याने मान खाली घालावी, निदान एकदा म्हणावं की चुकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कोणाकडे करणार? नवऱ्याकडे केली तर तो म्हणेल, मी सांगत होतो. मुलीला सांगितलं तर तिचा मामा जाईल. तेवढ्यात एक बाई फळीशी आली, आणि तो तिच्याकडे वळून अगदी त्याच आवाजात म्हणाला, "ये गो बाय, कवा आलीस?"

मी निघाले. "आगं पिशवी!" तो मागून ओरडला. मी वळले नाही.

रस्त्यावर ऊन होतं. घेतलेले वाल पिशवीत मागे राहिले होते, आणि घरातले संपत आले होते. पेणचा बाजार लहानपणापासून पायाखालचा, पण त्या दुकानाशिवाय किराण्याचं दुसरं एकही दुकान मी आतून पाहिलेलं नव्हतं. चार पावलं पुढे गेले आणि समोर दिसलं त्यात शिरले. गल्ल्यावर एक तरुण बाई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सहज, गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "पहिल्यांदाच आलात ना? कुठल्या तुम्ही?"

तिच्या दारासमोरून जोह्याची एसटी चालली होती.

"रोह्याची," मी म्हटलं, आणि वालाचा भाव विचारला.